लेकीचा वाढदिवस आणि आजीचा १ जून



मुलांचे वाढदिवस करावेत की करू नयेत, यावर आपल्या वस्तीत नेहमी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही साहेबी थेरे आपल्याला कशाला हवीत? बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, केक कापायला नाही. दुसरा तट पोराच्या पहिल्या वाढदिवसाला नाक्यावर फ्लेक्स लावतो, मंडप घालतो, डीजे आणतो आणि पुढे वर्षभर बचत गटाचे हप्ते फेडत बसतो. ज्याचा वाढदिवस असतो ते लेकरू डीजेच्या आवाजाने घाबरून आईच्या खांद्यावर रडून रडून झोपलेले असते.

गेल्या आठवड्यात आमची धाकटी लेक पाच वर्षांची झाली. त्या निमित्ताने घरात पुष्कळ चर्चा झाली, थोडे वादही झाले. त्यातून माझे जे मत बनले ते आज तुमच्यापुढे ठेवते. वाढदिवस जरूर करावा. मुलाचा करावा तसाच मुलीचाही करावा. मात्र आपण नेमके काय साजरे करतो आहोत, हे घरातल्या लहानथोरांना कळले पाहिजे.

आपल्यासाठी जन्मतारीख ही साधी गोष्ट नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे शाळेचे दाखले काढून बघा. निम्म्यांची जन्मतारीख १ जून निघेल. त्या काळी शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन मास्तरांसमोर उभा राहायचा. तारीख विचारली की बाप म्हणायचा, "मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या सालचा," नाहीतर "ज्वारी काढणीला आली होती तवा झाला." मास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. गरीब घरांत, सगळ्याच जातींत, हे झाले. पण आपल्या माणसांच्या वाट्याला ते जास्त आले, कारण घरात लिहिता येणारे कुणी नव्हते आणि गावाच्या वहीत आपली नोंद ठेवायची कुणाला गरज वाटत नव्हती.

माझ्या सासूबाई तिसरीपर्यंत शिकल्या. त्यांचीही तारीख १ जूनच. आमच्या छकुलीने फुगे फुगवता फुगवता त्यांना विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी असतो?" आई म्हणाल्या, "मास्तरानं लावलेला हाय. खरा कुणाला ठावं?" पोर काही ऐकेना. वाढदिवस नसलेला माणूस असू शकतो, हे तिला पटतच नव्हते. शेवटी आई जरा थांबून म्हणाल्या, "नागपूरला दीक्षा झाली त्या सालात मी रांगत होते, असं माझी आई सांगायची. मग माझा वाढदिवस दीक्षेच्या दिवशीच धरा."

मला हे फार आवडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही आपला नवा जन्म होत असल्याचे म्हटले आहे. ज्यांचा पहिला जन्म कुणी लिहून ठेवला नाही, त्यांनी दुसऱ्या जन्माची तारीख आपली मानली तर त्यात काय चूक? आता दर १४ ऑक्टोबरला विहारातून आल्यावर आमच्या घरी आजीचा वाढदिवस होईल. तुमच्या घरातही अशी १ जूनची माणसे असतील, तर त्यांना विचारून बघा. त्यांना कोणता दिवस आपला वाटतो, हे ऐकण्यासारखे असते.

तारखेसारखीच गोष्ट नावाची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदावाचक असावे. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, तो मुलाच्या बारशापर्यंत पोहोचला होता. धोंडू, दगडू, कचरू अशी नावे आपल्याकडे घरोघर होती. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून आईबापही तशी नावे ठेवत, हेही खरे. पण १९५६ नंतर बघा. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, नागसेन, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा अशा नावांनी आपल्या चाळी भरून गेल्या. एका पिढीत एवढा बदल झाला. लेकराला हाक मारताना जिभेवर चांगला शब्द येतो, ही कमाई लहान नाही.

आणखी एक गोष्ट. मूल पाच वर्षांचे होणे हेच एके काळी नवलाचे होते. बाबासाहेब आणि रमाई यांना पाच मुले झाली. त्यातले यशवंतराव तेवढे जगले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा तर बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आलेले होते. तरीही हे दुःख चुकले नाही. आपल्या आजी-पणजींना विचारले तर प्रत्येकीच्या पदरात अशी एक-दोन गेलेली लेकरे असतात. त्यांची नावेही त्या हळू आवाजात घेतात. म्हणून लसी वेळेवर टोचलेली, अंगणवाडीत वजनाच्या काट्यावर उभी राहणारी, दिवसभर पायऱ्यांवर उड्या मारणारी पोर पाच वर्षांची झाली, याचा आनंद मानायलाच हवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता खर्चाचे. छकुलीचे पप्पा कंत्राटी कामगार आहेत. महिना कसा संपतो ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्यांची हौस मोठी होती, मंडपाची भाषा सुरू झाली होती. तेव्हा मी सिगालोवाद सुत्त आठवून दिले. गृहस्थासाठी तथागतांनी जो उपदेश केला, त्यात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: मुलांना वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळवणे, हुन्नर शिकवणे, योग्य जोडीदार बघून देणे आणि वेळेवर वारसा सोपवणे. पाचांत मंडप कुठेच नाही, म्हटल्यावर तेही हसले. शेवटी अर्धा किलो केक, खीर, चिवडा, फुगे आणि लेकीसाठी दोन चित्रांची पुस्तके एवढे ठरले. सगळे मिळून अकराशे रुपये लागले. कुणाकडून उसने घ्यावे लागले नाहीत.

संध्याकाळी शेजारची मुले जमली. आधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, अगरबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील घेतले. मग केक पुढे आला. त्यावर पाच छोट्या मेणबत्त्या. सगळे म्हणाले, "फुंक मार, फुंक मार!" छकुली आपली गप्प. मग तिने विचारले, "विझवायच्या का? आपण तर लावतो ना?"

मोठी माणसे हसली. कुणी म्हणाले, अगं तशीच पद्धत असते. कुणी म्हणाले, भारी हट्टी पोरगी आहे. तिने काही फुंक मारली नाही. मग तिच्या पप्पांनी पाचही मेणबत्त्या उचलून एका ताटलीत उभ्या केल्या आणि तिने ती ताटली जपून नेऊन बुद्धमूर्तीपुढे ठेवली. मेणबत्त्या जळत राहिल्या आणि केक कापला गेला. दोन दिवसांनी शेजारच्या खोलीत एका मुलाचा वाढदिवस झाला, तिथेही मुलांनी असेच केले. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही, कुणा विद्वानाने सांगितलेली नाही. पाच वर्षांच्या मुलीला पडलेल्या एका प्रश्नातून ती निघाली.

वाढदिवसाला मुलाची उंची मोजतो, तसा त्याचा स्वभावही पाहावा असे मला वाटते. तो गेल्या वर्षी कसा होता, आता कुठे पोहोचला? आमचा मोठा मुलगा शांत, सांगितले तेवढे करणारा. छकुली अगदी उलट. पाहुण्यांसमोर "गाणं म्हणून दाखव" म्हटले की ती ओठ घट्ट मिटून घेते, आणि भांडी घासताना माझ्याशेजारी बसून तासभर आपणहून गाते. जिने चढताना पायऱ्या मोजते. कचरागाडीवरच्या काकांना रोज सकाळी हात करते. एक दिवस ती त्यांचे नाव विचारून आली. आता सगळी चाळ त्यांना नावाने हाक मारते.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या बालपणाचे प्रसंग दिले आहेत. ते मुलांना जरूर वाचून दाखवा. सोबती शिकारीला निघाले तेव्हा सिद्धार्थ गेला नाही. तू वाघाला भितोस, असे म्हणून त्यांनी चिडवले. तो म्हणाला, तुम्ही काही वाघ मारायला जात नाही, हरणे आणि सशांसारखे गरीब प्राणी मारता. शेतावर उघड्या अंगाने राबणारी माणसे पाहिली तेव्हा कष्ट एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने खायचे हा न्याय कसा, असा प्रश्न त्याला पडला. हा सिद्धार्थ अजून बुद्ध झालेला नव्हता. तो प्रश्न विचारणारा, चिडवले तरी न बधणारा मुलगा होता. आपल्या घरात असे मूल निघाले तर आपण त्याला म्हणतो, "लई शहाणा झालास, गप बस." हा शब्द तोंडातून निघण्याआधी आपण थोडे थांबलो तर बरे.

म्हणून पोराचे सगळेच खपवून घ्यावे असे मी म्हणत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी चिवड्याच्या डब्यातला चिवडा कमी झाला. छकुली म्हणाली, "मी नाही खाल्ला." हनुवटीला शेवेचा तुकडा चिकटलेला होता! अशा वेळी धपाटा देणे सोपे असते. मला राहुलाची गोष्ट आठवली. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला. तथागतांनी त्याला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला, तो पाण्याचे भांडे हातात घेऊन. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते ओतून टाकले, मग भांडे पालथे केले आणि रिकामे भांडे सरळ करून दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ चांगुलपणा उरतो तो इतकाच. मग आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर आपण आपल्याकडे पाहावे, त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते का ते तपासावे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या उपदेशांचे वाचन करायला सांगितले, त्यात राहुलाला केलेल्या या उपदेशाचाही उल्लेख आहे.

मी छकुलीला आरशासमोर उभे केले. तिने हनुवटी पाहिली, तुकडा काढला, खाल्ला आणि म्हणाली, "मी खाल्ला." आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी तिने डब्याकडे बोट करून आधी विचारले. एवढे पुरे आहे.

मुलगी म्हणून एक वेगळे ऐकावे लागते. खीर वाटताना एक बाई सहज बोलून गेल्या, "पोरगा असता तर एवढं केलेलं शोभलं असतं." कोसलच्या प्रसेनजित राजालाही राणी मल्लिकेला मुलगी झाल्याचे कळले तेव्हा वाईट वाटले होते. तथागतांनी त्याला समजावले की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, आपण थोर होणार आहोत हे त्यांच्या मनावर ठसवा, न्यूनगंड काढून टाका, लग्नाची घाई करू नका. त्या बाईंना मी एवढेच म्हटले, "ताई, अजून एक वाटी घ्या, ही पोरीच्या नावाची." त्यांनी घेतली.

न्यूनगंड काढून टाका, हे वाचायला सोपे आहे. त्याची परीक्षा कशी होते ते सांगते. छकुलीची एक खेळगडी मागच्या इमारतीत राहते. वाढदिवसाच्या थोडे दिवस आधी तिच्या घरातल्या मोठ्या माणसांनी छकुलीला आडनाव विचारले. तिने ऐटीत पूर्ण नाव सांगितले. घरी येऊन तिने विचारले, "मम्मी, नाव सांगितल्यावर ते गप्प का झाले? आणि मग म्हणाले, तुम्ही खालीच खेळा."

पाच वर्षांच्या मुलीला काय सांगायचे? तिचे पप्पा म्हणाले, आत्ताच काही सांगू नको, लहान आहे. आई म्हणाल्या, "सांगून टाक. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझ्यातच काय तरी खोट हाय." आईंचे म्हणणे मला पटले. मी तिला सांगितले, "काही लोकांना वाटतं, काही माणसं वरची आणि काही खालची असतात. ते चूक आहे. बाबासाहेबांनी तसं वागायची बंदी करणारा कायदा देशाला दिला. तुझ्यात काही कमी नाही. चुकलेत ते." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्यांना कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटले, "सांगायचं काम चालू आहे."

तिने त्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावले. आम्ही अडवले नाही. मैत्रीण आली नाही. छकुलीने दोनदा दारापर्यंत जाऊन पाहिले. मग तिच्या वाटणीचा केकचा तुकडा वाटीत झाकून ठेवला. सकाळी खाली खेळायला जाताना ती वाटी घेऊन गेली आणि रिकामी घेऊन आली. दोघींनी मिळून खाल्ला म्हणे. वरच्या माणसांचे काय झाले ते मला माहीत नाही. पण आडनाव सांगताना माझ्या मुलीचा आवाज अजून खाली गेलेला नाही. यंदाच्या वाढदिवसाची खरी कमाई मी हीच धरते.

शेवटी थोडे कामाचे. मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करून घ्या. नाव ठरले नसेल तरी नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आणि पुढच्या बऱ्याच सरकारी कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो. खाजगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा असतात, तिथेही हा दाखला लागतो. दाखल्यावरचे नाव, आईबापाचे नाव, आडनाव यांतली एकेक वेलांटी तपासून घ्या. पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी काना-मात्रेसाठी हेलपाटे घालावे लागतात. हा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवा. वाढदिवसाच्या दिवशी तो मुलाला दाखवा आणि सांगा, ही तारीख तुझी आहे, अंदाजाने लावलेली नाही.

दुसरे, प्रत्येक मुलाची एक वही करा. दहा रुपयांची चालेल. दर वाढदिवसाला त्यात उंची, वजन, पडलेले दात, नवे मित्र आणि वर्षभरात विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न लिहा. छकुलीच्या वहीत यंदा लिहिले आहे, "मग त्यांना कुणी सांगितलं नाही का?" पुढे ती मोठी होऊन वाचील.

तिसरे, दुसऱ्याच्या पोराशी तुलना त्या दिवशी तरी करू नका. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत घातले गेले, तेव्हा त्या नावाचा मुलगा पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात आता तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या मुलाचे पुढे काय होईल ते आपल्यालाही ठाऊक नाही. आपण फक्त त्याच्या प्रश्नाला जागा ठेवायची आणि खोटे बोलले तर आरसा दाखवायचा.

तुमच्याकडे वाढदिवस कसा करता, ते जरूर लिहून कळवा. कमी खर्चात चांगले काही केले असेल तर तेही कळवा, इतरांना उपयोग होईल.

सर्वांच्या लेकरांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!